गडचिरोली ही शिक्षा नाही राजेहो, शिक्षा त्या खुर्चीत आहे

"डॉक्टर यायलाच तयार नाहीत हो आपल्याकडे!"

चंद्रपूर-गडचिरोलीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, टपरीवर खर्रा घोटणारा पोरगाही बोलतो. मानसोपचारतज्ज्ञाचा विषय निघाला की त्याला आणखी एक शेपूट लागते, "त्यांना पैसा पाहिजे, पुणे-मुंबई पाहिजे, जंगलात कोण येते?"

आज या वाक्यावरच लिहितो आहे. पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा. कारण हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं फक्त सरकारच्या सोयीचं आहे. डॉक्टर येत नाही हे आपण मोजतो. आलेला डॉक्टर का मोडतो आणि का निघून जातो, हे कोणी विचारत नाही.

आधी हिशोब.

देशात लाख लोकसंख्येमागे साधारण ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. असायला पाहिजेत किमान ३. हा आकडा संसदेच्या स्थायी समितीसमोरही आला आहे. आता आपल्या दोन जिल्ह्यांना लावा. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर २२ लाख, गडचिरोली पावणेअकरा लाख, मिळून जवळपास ३३ लाख. म्हणजे पाहिजेत ९८. बरं, आदर्श सोडा. देशाच्या गरीब सरासरीने मोजलं तरी २५ तरी लागतात. तुमच्या ओळखीतले मोजून बघा. सरकारी, खाजगी सगळे धरा. आणि खाजगीतले बसतात कुठे, तर जिल्ह्याच्या ठिकाणी. कोरची, एटापल्ली, जिवती, सिरोंचा इथल्या माणसाने काय करायचं?

सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. मनाच्या आजाराचं औषध महिनोनमहिने, रोज घ्यावं लागतं. पुराच्या आठवड्यात गोळी संपली की आवाज परत ऐकू यायला लागतात, आकडी परत येते. मग माणसाला नागपूरच्या "पागलखान्यात" न्यायची भाषा सुरू होते, कारण अख्ख्या विदर्भाचं सरकारी मनोरुग्णालय तेच एक.

हे झालं रुग्णाचं. आता टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या माणसाकडे बघा.

एकटा मानसोपचारतज्ज्ञ. ओपीडी समजा नऊ ते एक. बाहेर साठ माणसं. चार तासांची मिनिटं दोनशे चाळीस. एका माणसाला आली चार मिनिटं. नवीन रुग्णाशी पहिल्यांदा नीट बोलायचं तर पाऊण तास लागतो. चार मिनिटांत काय होते? मागची चिठ्ठी बघायची, गोळी तीच लिहायची, "झोप येते का" विचारायचं, पुढचा नंबर. ज्या माणसाने वर्षानुवर्षं शिकून "ऐकून घेणं" हीच विद्या मिळवली, त्याच्या नोकरीत ऐकायलाच वेळ नाही. सुताराला रंधा न देता खुर्ची मागण्यासारखं आहे हे.

ओपीडी संपली की बाकीचं ताट वाढूनच ठेवलेलं असते. दिव्यांग प्रमाणपत्राचा बोर्ड. पोलिसांनी आणलेला माणूस. कारागृहातला कैदी. कोर्टाची साक्ष. वॉर्डात दारू अचानक सुटल्याने थरथरणारा, भिंतीवर साप दिसणारा पेशंट. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची तालुक्याची शिबिरं. वरून ऑनलाइन रिपोर्ट. आणि यातच कुणाच्या तरी पीएचा फोन, "आपला माणूस आहे साहेब, टक्केवारी जरा बघा."

आता कोणी म्हणेल, काम तर सगळ्यांनाच आहे. शिक्षकाला नाही का, तलाठ्याला नाही का, पत्रकाराला नाही का? आहे. पण नुसतं काम जास्त असण्याने माणूस मोडत नाही. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट मांडली. कामाचा भार जास्त आणि हातात ठरवायचा अधिकार कमी, अशी जोडी जमली की ताण माणसाला खातो. धान रोवणीच्या दिवसांत आपला शेतकरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, पण बांधी त्याची असते, कधी रोवायचं ते तो ठरवतो. त्याच शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधीत, दुसऱ्याच्या हुकुमावर, मजुरी मिळेल की नाही माहीत नसताना तेवढंच राबवा. मग बघा.

सरकारी मानसोपचारतज्ज्ञ त्या दुसऱ्या बांधीत उभा आहे. औषध कोणतं येणार ते तो ठरवत नाही. सोबत मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, नर्स किती ते त्याच्या हातात नाही. गाडी मिळेल की नाही ते कोणी तरी दुसरा सांगणार. जिल्हा कार्यक्रमातली बहुतेक पदं कंत्राटी. दरवर्षी नवा करार आणि दरवर्षी तीच धाकधूक. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, ते काही हौस म्हणून नाही. आदिवासी-नक्षलग्रस्त भागासाठी एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ आहे तो नियमित कर्मचाऱ्यांना. ज्याची नोकरीच अकरा महिन्यांची, त्याच्या वाट्याला जंगल पूर्ण येते, लाभ येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये "बर्नआउट" हा शब्द आपल्या रोगांच्या वर्गीकरणात नोंदवला. पण कसा? माणसाचा आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था म्हणून. तीन खुणा सांगितल्या. शक्ती संपणे. कामाबद्दल दुरावा आणि कडवटपणा. आणि आपल्या हातून काही चांगलं होतच नाही ही भावना. म्हणजे डॉक्टर पेशंटवर खेकसतो, चार मिनिटांत उठवतो, मान वर करत नाही, तेव्हा तो माणूस वाईट आहे एवढंच उत्तर नसते. खुर्चीच तशी बनवली आहे का, हेही बघावं लागते. खेकसणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. गोंडी बोलणारी बाई वीस कोस चालून येते आणि तिच्याकडे न बघता चिठ्ठी लिहिली जाते, हे चूकच. पण डॉक्टर बदलून खुर्ची तीच ठेवली तर पुढचाही दोन वर्षांत तेच करेल.

भाषेचा मुद्दा तर कोणी बोलतच नाही. हाड मोडलं तर एक्स-रे काढायला भाषा लागत नाही. मन मोडलं तर भाषा हाच एक्स-रे. आपल्याकडे किती भाषा आहेत बघा. भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि बाकी झाडीबोली. लातूर नाही तर कोल्हापूरचा डॉक्टर इथे येतो. तो मनापासून विचारतो, "उदास वाटतं का?" उदास हा शब्द समोरच्याच्या भाषेत त्या अर्थाने नसेलही. तो म्हणतो छातीत आग होते, अंगात कोणी आलं, पाय जड झाले. मध्ये दुभाषा कोण? वॉर्डबॉय नाही तर पेशंटचा भासरा. आता भासऱ्यासमोर ती बाई काय सांगणार? नवरा मारतो हे सांगणार?

आणि ऐकायचं काय असते, तेही बघा.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी वाघाने मारलं. आपण बातमी वाचली, वनविभागाने भरपाई दिली, विषय संपला. पण त्यांच्या सोबत पानं तोडणाऱ्या बायका? त्यांना रात्री झोप लागते का, पुढच्या हंगामात त्या जंगलात पाय कसा टाकतात, हे कोणाच्या फाईलीत आहे?

१ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंग फुटला, पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. त्याआधी २००९ हे एकच वर्ष आठवा, मरकेगाव, हत्तीगोटा, लाहेरी. दुसऱ्या बाजूला पोलिसांचा खबऱ्या म्हणून ज्यांना घरातून ओढून नेलं त्यांची लेकरं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ जणांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. चांगलंच झालं. बंदूक खाली ठेवता येते. चाळीस वर्षांची भीती कोणत्या टेबलावर ठेवायची?

त्यात दारू. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. बंदी असो की नसो, व्यसन सोडवायला माणूस लागतो आणि तो माणूस पुन्हा हाच. खाणी, सिमेंट, वीज केंद्र, सुरजागडचे ट्रक, गेलेली जमीन, अपघात, हे तर अजून मोजलंच नाही.

हे सगळं ओझं शेवटी ज्या एका टेबलावर येते, तिथल्या माणसाचं ओझं कोण उतरवतो? कोणीच नाही.

एक गोष्ट आपल्याला ठाऊकच नसते. मानसोपचारतज्ज्ञाच्या हातून पेशंट जातो तो बहुतेक वेळा आत्महत्येने. १९८८ मध्ये अमेरिकेत झालेल्या पाहणीत निम्म्याहून थोड्या जास्त मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं होतं की त्यांचा किमान एक पेशंट आत्महत्येने गेला. सर्जनच्या टेबलावर पेशंट गेला तर सोबत भूलतज्ज्ञ असतो, नर्स असते, चर्चा होते. इथे सोमवारी तुमच्यासमोर बसलेला पोरगा गुरुवारी गळफास घेतो आणि शुक्रवारी तुम्ही पुन्हा साठ जणांच्या ओपीडीत. कोणाशी बोलायचं? जिल्ह्यात दुसरा त्या विषयाचा माणूस नाही. घरी सांगता येत नाही. वर सांगितलं तर चौकशी. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात २२,७४६ लोकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, देशात सगळ्यात जास्त. यातल्या काही मृत्यूंमागे एक डॉक्टरही रात्रभर जागा राहिलेला असतो, ती नोंद कुठेच होत नाही.

आता नेहमीचे तीन प्रश्न येतील. आधीच उत्तर देऊन ठेवतो.

पहिला प्रश्न. "बंग डॉक्टर राहिलेच ना गडचिरोलीत? प्रकाशभाऊ, मंदाताई राहिलेच ना हेमलकशात?" राहिले. १९७३ पासून हेमलकसा, १९८६ पासून सर्च. आपल्याला त्यांचा अभिमान आहे. पण नीट बघा, त्यांनी काय केलं? स्वतःची संस्था उभी केली. काय काम करायचं ते स्वतः ठरवलं. भोवती साथीदार जमवले. लोकांची भाषा शिकायला वेळ घेतला, शिकवली. केलेल्या कामाचं फळ डोळ्यांसमोर दिसलं. म्हणजे अधिकार, सोबत, भाषा आणि समाधान, या चार गोष्टी तिथे होत्या. सरकारी खुर्चीत बसणाऱ्याकडून नेमक्या याच चार गोष्टी आपण काढून घेतल्या आणि मग त्यालाच विचारतो, तू बंग-आमटे का नाही? शिवाय, सरकारी आरोग्यसेवा संतांच्या भरवशावर चालवायची नसते. साधा माणूस, बायको-लेकरं असलेला, ईएमआय भरणारा, तोही टिकला पाहिजे अशी ती असायला पाहिजे.

दुसरा प्रश्न. "टेलिमानस आहे ना?" आहे. १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागते. नंबर लिहून ठेवा, लाज वाटू देऊ नका. पण फोनवर इंजेक्शन देता येत नाही. आकडी थांबवता येत नाही. टॉवरसाठी टेकडीवर चढावं लागते त्या गावात "एकांतात बोला" म्हणणं थट्टा आहे. फोन हा डॉक्टरच्या हाताला जोड आहे, हात नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात धोकादायक. "इथे पाणी नाही, रस्ता नाही, तुम्हाला डॉक्टरच्या टेन्शनची पडली?" हो, पडली. कारण डॉक्टर नसला की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरं काही तरी येऊन बसते. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यात वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायांना भर चौकात बांधून मारलं. मे २०२४ मध्ये एटापल्लीच्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून दोन जीव जाळले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. कायदा मारणाऱ्याला पकडतो. पण घरात दुखणं आलं, ते का आलं हे सांगणारं कोणी नाही, अशा वेळी लोक दोषी शोधायला निघतात आणि शेवटी गावातली एखादी म्हातारी सापडते.

मग करायचं काय? नुसती बोंब मारून पोस्ट संपवायची नाही.

उपाय माहीत आहेत, आपल्याच विदर्भात करून झाले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांच्या वर समुपदेशक, आणि सगळ्यात वर डॉक्टर. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे लॅन्सेटच्या मानसोपचार अंकात छापून आलं. डॉक्टर सहापट झाले नव्हते बरं का. डॉक्टरच्या खाली माणसं उभी केली होती.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. २००५ मध्ये त्यांची एक तरुण पेशंट आत्महत्येने गेली. दवाखान्यात यायला बसचं भाडं नव्हतं, पंधरा डॉलर. तो धक्का त्यांनी गिळून टाकला नाही. गावातल्या आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसवलं. लोक आजीशी बोलायला लागले. आज त्या बाकाचं नाव जगभर आहे. आपल्याकडे आज्या कमी आहेत का? आशाताई कमी आहेत का? फक्त त्यांना आणखी एक रजिस्टर देऊ नका, शिकवा आणि त्याचे पैसे द्या.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

एक. दोन्ही जिल्ह्यांत मानसोपचाराची मंजूर पदं किती, भरलेली किती, किती दिवसांपासून रिकामी, हे दर महिन्याला जिल्हा रुग्णालयाच्या दारावर लावा.

दोन. एकट्याची नेमणूक बंद. दोन डॉक्टर एकत्र, पद नियमित, जंगलाचा लाभ कंत्राटीलाही. सुट्टी घेतली तर ओपीडी बंद पडू नये.

तीन. माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली बोलणारी इथलीच शिकलेली पोरं-पोरी पगारी समुपदेशक म्हणून घ्या. बेरोजगार पोरं आहेत, भाषा आहे. फक्त प्रशिक्षण पाहिजे.

चार. पेशंट आत्महत्येने गेला तर डॉक्टरला चौकशीच्या आधी बोलायला माणूस द्या. नागपूरच्या वरिष्ठांशी महिन्यातून ठरलेली बैठक, कामाच्या वेळेत.

पाच. चंद्रपूरचं मेडिकल कॉलेज २०१५ पासून आहे, गडचिरोलीचं २०२४ ला सुरू झालं. तिथला मानसोपचार विभाग कागदावर नको, चालता पाहिजे. इथे शिकलेला डॉक्टर इथे टिकायची शक्यता जास्त.

सहा. जनजागृतीच्या नावाने १० ऑक्टोबरला बॅनर लावून फोटो काढणं बंद करा. तेवढ्या पैशात वडसा-देसाईगंजच्या एखाद्या झाडीपट्टी कंपनीला नाटक बसवायला सांगा. रात्रभर मंडप भरते, लोक रडतात, हसतात, लक्षात ठेवतात.

पैसा कुठून? जिल्हा खनिज निधीतून. कोळसा आपला, चुनखडी आपली, लोखंड आपलं. नियमाप्रमाणे त्या निधीतला मोठा वाटा पाणी-आरोग्य-शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांवर खर्च व्हायला पाहिजे. आरोग्य म्हणजे फक्त इमारत आणि कमान नव्हे. माणसाचा पगारही आरोग्यच.

आणि हे उपकार मागत नाही आहोत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १८ सांगते की उपचार मिळणं हा हक्क आहे. जिल्ह्यात ठरलेली किमान सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा आहे. किती जणांना माहीत होतं? त्याच कायद्याचं कलम ३१ सांगते की लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे तज्ज्ञ दहा वर्षांत उभे करण्यासाठी सरकारने प्रयत्न करायचे. कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. दहा वर्षं भरतात मे २०२८ मध्ये.

ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुमच्या हिशोबात ९८ पैकी किती झाले?

आपल्याकडूनही एक करा. तुमच्या तालुक्यात शिबिराला मानसोपचाराचा डॉक्टर आला तर त्याला "येड्याचा डॉक्टर" म्हणू नका. प्रमाणपत्राच्या टक्केवारीसाठी पुढाऱ्याचा फोन लावू नका. एखादा नीट ऐकून घेत असेल, तर त्याच्या वरिष्ठांना दोन ओळींचं पत्र टाका की हा माणूस चांगलं काम करतो. तक्रारीची पत्रं रोज जातात. ते एक पत्र त्याला आणखी एक पावसाळा इथे थांबवू शकते.

तुमच्या गावात शेवटचं शिबिर कधी झालं, औषध मिळालं की नाही, तालुक्याचं नाव टाकून कमेंटमध्ये लिहा. पेशंटचं नाव लिहू नका, गावाचंही नको, फक्त तालुका. जमा झालेली यादी घेऊन मी दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातो, आणि काय उत्तर मिळालं ते इथेच टाकतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण मुद्द्यावर भांडा.